नाकाबंदीच्या जागेवरून केडंब्याकडे

दिवस पहिला : मंगळवार, २६ नोव्हेंबर २०२४

कल्याणहून लोकल पकडून ताई आणि मी सीएसएमटीला उतरलो, तेव्हा नऊ वाजून गेले होते. आमचे वडील मुंबई पोलीस दलात हवालदार होते. २००८ साली त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. मुंबईवरच्या अतिरेकी हल्ल्याच्या त्या रात्रीनंतर, २७ नोव्हेंबरच्या सकाळी, टीव्हीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांचे नाव आले, तेव्हा त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला होता, "हातात काय होतं? लाठीच ना?" पुढे दरवर्षी नोव्हेंबर आला की ओंबळे यांच्या गावी, जावळी तालुक्यातल्या केडंब्याला, एकदा जाऊन येऊ असे ते म्हणत, आणि दरवर्षी काही ना काही आडवे येई. गेल्या वर्षी वडील गेले. तेव्हा यंदा जायचेच, असे आम्ही दोघांनी वर्षश्राद्धाच्या दिवशीच ठरवले.

ज्या स्थानकावर आम्ही उतरलो तिथूनच त्या रात्रीची हकिगत सुरू होते. अजमल कसाब आणि इस्माईल खान या दोघा अतिरेक्यांनी इथल्या प्रवाशांवर गोळीबार केला. रेल्वे पोलीस निरीक्षक शशांक शिंदे इथेच मारले गेले, आणि उद्घोषक विष्णू झेंडे यांनी आपल्या कक्षातून सतत सूचना देऊन लोकांना स्थानकाबाहेर काढले. आज फलाटावर नेहमीसारखीच धावपळ होती. आम्ही दोघे एका खांबाजवळ मिनिटभर उभे राहिलो, तर मागून एका गृहस्थांनी "बाजूला व्हा हो, गाडी सुटतेय" असे म्हणत आम्हाला सारले. त्यांचे चुकले असे म्हणता येणार नाही.

तिथून चालत महात्मा फुले मंडईसमोरच्या पोलीस आयुक्तालयापर्यंत गेलो. शहिदांचे स्मारक पूर्वी मरीन ड्राइव्हवरच्या पोलीस जिमखान्यात होते. सागरी किनारा मार्गाचे काम निघाल्यावर ते आयुक्तालयाच्या आवारात हलवण्यात आले. सकाळचा मानवंदनेचा कार्यक्रम आता इथेच होतो. आम्हाला निमंत्रण नव्हते आणि ते मागण्याचे कारणही नव्हते, त्यामुळे समोरच्या पदपथावरूनच हात जोडले. तीनच दिवसांपूर्वी विधानसभेचा निकाल लागला होता. बंदोबस्तावरच्या पोलिसांचे डोळे महिनाभराच्या निवडणूक ड्युटीने तांबारलेले दिसत होते. एक हवालदार उभ्या उभ्याच, पाठ भिंतीला लावून, बिस्किटाचा पुडा फोडत होता. ताई म्हणाली, "बाबा असेच खायचे. बसून खाल्लं की झोप येते म्हणायचे."

पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या मागची, कामा रुग्णालयाकडची रंगभवन गल्ली. हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांची गाडी याच गल्लीत घेरली गेली. मागच्या बाजूला सहकाऱ्यांच्या मृतदेहांखाली जखमी अवस्थेत पडून राहिलेले शिपाई अरुण जाधव तेवढे वाचले. अतिरेक्यांनी ती पोलीस गाडी पुढे नेली. तिचे चाक फुटले, तेव्हा त्यांनी एक रुपेरी स्कोडा बळकावली. गाडी बदलल्याचे हे वर्तमान बिनतारी यंत्रावरून दक्षिण मुंबईतल्या पोलीस ठाण्यांना कळले नसते, तर चौपाटीवर त्या मोटारीची वाट पाहणारे कोणी नसते. सारी रात्र अशा तुकड्यातुकड्यांनी एकमेकांना चिकटलेली आहे, आणि त्यातला एक तुकडा जरी गळला, तरी पुढचे घडत नाही. हे मला आज पायी चालताना जेवढे कळले, तेवढे इतकी वर्षे वाचून कळले नव्हते.

दुपारी लॅमिंग्टन रोडला गेलो. या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि ओंबळे ज्या पोलीस ठाण्यात नेमणुकीला होते त्याचेही नाव तेच. मुंबईकर त्याला डी. बी. मार्ग म्हणतात. आजूबाजूला संगणकाचे सुटे भाग, केबल आणि कॅमेरे विकणारी दुकाने आहेत. आत जाऊन कोणाचा वेळ घेण्यात अर्थ नव्हता, कारण पोलीस ठाणे हे काही प्रेक्षणीय स्थळ नव्हे. मात्र दारातून ये-जा करणाऱ्या शिपायांकडे पाहताना सारखे वाटत होते, की त्या रात्री जे कर्मचारी इथून चौपाटीकडे निघाले ते कुठल्या मोहिमेवर निघालेले नव्हते. ते नाकाबंदीला निघाले होते. पोलिसांच्या घरात वाढलेल्यांना या शब्दाचा कंटाळवाणेपणा चांगला ठाऊक असतो. रस्त्यात अडथळे आडवे लावायचे, येणारी गाडी थांबवायची, आत टॉर्च मारायचा, डिकी उघडायला सांगायची, गाडीचा क्रमांक वहीत लिहायचा आणि जाऊ द्यायचे. वडिलांच्या जुन्या खिशातल्या वह्यांत पानेच्या पाने नुसते गाड्यांचे क्रमांक आहेत. त्यातल्या एकाही गाडीत कधी काही सापडल्याचे त्यांनी सांगितले नाही.

मुक्काम गिरगावातल्या मावसबहिणीकडे होता. जेवणे उरकल्यावर ती म्हणाली, "आता पहाटे जा की चौपाटीवर." पण आम्हाला रात्रीच जायचे होते. ओंबळे यांची पुण्यतिथी सगळीकडे २६ तारखेला पाळली जाते. घटना मात्र मध्यरात्र उलटल्यावर, साडेबाराच्या सुमारास घडली, म्हणजे घड्याळाच्या हिशेबाने २७ तारीख लागली होती. वडिलांचा या बाबतीत फार कटाक्ष होता. रात्रपाळी करणाऱ्या माणसाला तारीख कुठे बदलते ते नीट कळते, असे ते म्हणत. बारानंतर घडलेल्या गुन्ह्याची नोंद आदल्या दिवसाच्या तारखेने केली, म्हणून त्यांनी एकदा ठाणे अंमलदाराची बोलणी खाल्ली होती.

सव्वाबाराला आम्ही गिरगाव चौपाटीवर पोचलो. मरीन ड्राइव्हवरच्या दिव्यांची ओळ समुद्राला वळसा घालून गेलेली, वाळूवर तुरळक माणसे, आणि रस्त्याच्या कडेला ओंबळे यांचा पुतळा. दिवसभरात वाहिलेल्या झेंडूच्या हारांची रास तिथे साचली होती. खालचे हार कोमेजून काळपट झालेले, वरचे अजून ताजे. एका हाराला सुतळीने बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा होता, पण त्यावरची शाई दवाने पसरल्यामुळे अक्षरे लागत नव्हती. मागून गाड्यांचा ओघ सारखा चालू होता. आता त्यात सागरी किनारा मार्गाची भर पडली आहे. 'मावळा' नावाच्या यंत्राने मलबार हिलच्या पोटातून खोदलेला बोगदा इथून फार लांब नाही. २००८ साली इथला रस्ता यापेक्षा पुष्कळ साधा होता.

त्या रस्त्यावर अडथळे लावून पोलीस उभे होते. स्कोडा आली आणि अडथळ्यांच्या अलीकडेच थांबली. चालवणाऱ्याने समोरचे दिवे प्रखर केले, काचेवर पाण्याचा फवारा मारून वायपर चालू केले, म्हणजे आत कोण आहे ते दिसू नये. दिवे बंद करून बाहेर या, असे पोलिसांनी बजावल्यावर त्याने गाडी वळवून निसटण्याचा प्रयत्न केला, पण ती दुभाजकात अडकली. गोळीबारात इस्माईल खान मारला गेला. दुसऱ्या बाजूने कसाब बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एके ४७ होती, आणि ओंबळे यांच्या हातात लाठी. ओंबळे यांनी पुढे होऊन त्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि ती सोडली नाही. अगदी जवळून झाडलेल्या गोळ्या त्यांनी अंगावर घेतल्या. त्यामुळे मागच्या सहकाऱ्यांना कसाबवर झडप घालायला अवधी मिळाला. सहायक निरीक्षक संजय गोविलकर या झटापटीत जखमी झाले. ओंबळे यांना किती गोळ्या लागल्या याचे आकडे निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे छापलेले आहेत, आणि ते वाढत वाढत जातात. मला या आकड्याचा सोस कधी कळला नाही. नळी सुटली नाही, एवढे पुरे आहे.

जरा पुढे खरोखरच एक नाकाबंदी लागलेली होती. दोन पिवळे अडथळे, तीन शिपाई, एक हवालदार. आम्ही पुतळ्यापाशी बराच वेळ रेंगाळलेले पाहून हवालदार जवळ आले.

"काका, एवढ्या रात्री? काही हरवलंय का?"

वडील दलात होते असे सांगितल्यावर त्यांचा स्वर बदलला. कुठल्या ठाण्याला होते, बक्कल नंबर काय, कोणत्या साली निवृत्त झाले, हे सगळे त्यांनी रीतसर विचारून घेतले. ताईला वडिलांचा बक्कल नंबर पाठ होता, याचे मलाच आश्चर्य वाटले. मग बोलता बोलता त्यांनी हातातली लाठी उभी धरून दाखवली आणि म्हणाले, "मावशी, ही गर्दीसाठी असते. गर्दी मागं हटते हिला बघून. बंदूक काय हटणार?" त्या लाठीच्या वरच्या टोकाशी, जिथे मूठ पडते तिथे, बांबू घामाने तुळतुळीत होऊन गडद झाला होता. वडिलांच्या लाठीवरही नेमका तसाच पट्टा होता. निवृत्तीच्या वेळी सरकारजमा करावी लागली, म्हणून ती घरी नाही.

साडेबारा वाजले तेव्हा आम्ही दोघे पुतळ्यासमोर गप्प उभे होतो. हवालदार अडथळ्यांकडे परत गेले होते, कारण एक टॅक्सी येत होती.

दिवस दुसरा : बुधवार, २७ नोव्हेंबर

हा दिवस प्रवासातच गेला. मुंबई सेंट्रलहून साताऱ्याची एसटी धरली. ताईला निम्मे तिकीट पडले आणि मला पूर्ण, यावरून तिने लोणावळ्यापर्यंत मला चिडवून घेतले.

वाटेत तिला कोळ्याची गोष्ट सांगितली. आमच्याच ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या, उडी मारून भक्ष्य पकडणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला अभ्यासकांनी २०२१ साली 'इसियस तुकारामी' हे नाव दिले, ते ओंबळे यांच्या स्मरणार्थ. ताईने आधी विश्वास ठेवला नाही आणि मग बराच वेळ हसत राहिली. हसू थांबल्यावर म्हणाली, "बरं झालं. पुतळ्यावर कावळे बसतात, याच्यावर कोण बसणार?" मला हे स्मारक मनापासून आवडते. झेप घेऊन पकडणाऱ्या जिवाला ते नाव दिले, यात औचित्य आहे. आणि शास्त्राच्या नोंदीत गेलेले नाव सरकार बदलले म्हणून बदलत नाही.

नावांवरून बोलणे पुढे वाढले. २६ जानेवारी २००९ रोजी करकरे, कामटे, साळसकर आणि ओंबळे या चौघांनाही मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. शांततेच्या काळातला हा सर्वोच्च शौर्य पुरस्कार. अतिरिक्त आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याच्या आणि सहायक फौजदाराच्या नावापुढे तेच पदक लागले, याचे वडिलांना फार अप्रूप होते. दलात हुद्द्याची पायरी किती उंच असते हे हवालदाराच्या घरातल्यांना सांगावे लागत नाही. साहेबाच्या बंगल्यावर निरोप घेऊन गेलेले वडील पावसातही फाटकाबाहेरच थांबत, हे आम्ही लहानपणी पाहिलेले आहे.

तरीही एक गोष्ट मनाला लागते. त्या हल्ल्यात १६६ माणसे गेली, त्यांत पोलीस आणि सुरक्षा दलांचे अठरा जण होते. ताईला मी विचारले, तुला त्यांतली किती नावे सांगता येतील? ती सहावर थांबली. मी स्वतः तयारी करून निघालो होतो, तरी मला सगळी सलग सांगता आली नाहीत. उपनिरीक्षक प्रकाश मोरे, सहायक उपनिरीक्षक बाळासाहेब भोसले, राज्य राखीव दलाचे राहुल शिंदे, शिपाई जयवंत पाटील, योगेश पाटील, अंबादास पवार, अरुण चित्ते... आणि मग अडखळलो. पोलीस कुटुंबांत दरवर्षी २१ ऑक्टोबरला नावे वाचली जातात. १९५९ साली त्या दिवशी लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज इथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान मारले गेले, तो हा स्मृतिदिन. वर्षभरात देशात कर्तव्यावर मरण पावलेल्या प्रत्येक पोलिसाचे नाव त्या दिवशीच्या संचलनात वाचतात. नायगावच्या मैदानावर वडिलांबरोबर ताई एकदा गेली होती. नावे संपता संपत नव्हती आणि तिचे पाय दुखायला लागले, एवढेच तिला आठवत होते. ती शाळकरी होती. आता तेच आठवून ती खिडकीबाहेर पाहत बसली.

खंबाटकी घाटानंतर हवा बदलली. साताऱ्यात पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. बसस्थानकाजवळच्या लॉजवर उतरलो, झुणका-भाकरी खाल्ली आणि झोपलो.

दिवस तिसरा : गुरुवार, २८ नोव्हेंबर

सकाळी साताऱ्याहून मेढ्याची एसटी मिळाली. मेढा हे जावळी तालुक्याचे ठिकाण, वेण्णा नदीच्या काठी. वाटेत कण्हेर धरणाचे पाणी दिसत राहते. भाताची कापणी होऊन गेलेली, खाचरांत नुसती धसकटे आणि बांधावर पेंढ्याच्या गंजी. विजयी उमेदवारांचे अभिनंदन करणारे फलक प्रत्येक थांब्यावर होते, आणि हरलेल्यांचे अजून कोणी उतरवले नव्हते.

मेढ्याहून केळघरच्या दिशेला वडाप मिळाले. आठ माणसांच्या जीपमध्ये आम्ही तेरा जण होतो, शिवाय एक सायकलचे चाक आणि तांदळाचे पोते. केडंब्याला जायचे म्हटल्यावर चालकाने विचारले, "कुणाकडं?" "कुणाकडे नाही, गाव बघायला," असे ताईने सांगताच त्याने आरशातून आमच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "ओंबळ्यांच्या तुकारामासाठी आलाय व्हय." मग मागे बसलेल्या एका आजोबांनी स्वतःहून सरकून ताईला खिडकीची जागा दिली.

ओंबळे यांच्या घरी जायचे नाही, हे आम्ही निघण्यापूर्वीच ठरवले होते. सोळा वर्षांत त्यांच्या कुटुंबाकडे किती माणसे, किती कॅमेरे आणि किती पुढारी जाऊन आले असतील याची कल्पना करता येते. आपली श्रद्धा कितीही खरी असली, तरी दुसऱ्याच्या ओसरीवर जाऊन ती मांडण्याचा हक्क आपल्याला आपोआप मिळत नाही. गाव पाहायचे, जमिनीला हात लावायचा आणि परतायचे, एवढाच बेत होता.

गाव डोंगराच्या कुशीत आहे. काही घरांना अजून कौले आहेत, काहींवर पत्रा आणि सिमेंटचे स्लॅब आले आहेत. बरीच दारे कुलूपबंद दिसली, कारण जावळीतल्या घरटी एकाने तरी मुंबई गाठलेली असते. कोणी माथाडी, कोणी गिरणीत, कोणी पोलिसात. गणपतीला आणि यात्रेला तेवढी घरे उघडतात. या गावातला, गुरे राखणारा आणि आंबे विकणारा एक मुलगा पुढे मुंबईच्या पोलीस दलात गेला, असे त्यांच्याविषयी छापून आले आहे. डोंगराकडे पाहत असताना तो मुलगा या चढावर गुरांमागे कसा पळत असेल याचाच मी विचार करत होतो. चौपाटीवरच्या पुतळ्यात वर्दी दिसते, हे दिसत नाही.

देवळापाशी सावलीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी आधी आमचे गाव, मग जेवणखाण आणि मग येण्याचे कारण विचारले. चहा आला. स्मारकाचा विषय मी काढलाच नव्हता, तो त्यांनीच काढला.

"मुंबईत फुतळा हाय म्हंत्यात. आमी टीव्हीत बघितला. हितं बी व्हावं आसं समद्यांचं म्हननं हाय. पोरं बघतील, भरती व्हतील."

आम्ही गेलो तेव्हा हे नुसते म्हणणेच होते. पुढे मार्च २०२५ मध्ये राज्य शासनाने केडंब्यातल्या स्मारकासाठी १३ कोटी ४६ लाख रुपयांच्या खर्चाला मान्यता दिल्याची बातमी वाचली, तेव्हा मला ते आजोबा आठवले. रक्कम मोठी आहे. एवढ्या पैशांत दगड, बाग आणि दिवे उत्तम होतील. गावातल्या भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना त्यात धावायला सपाट मैदान आणि बसून वाचायला एक खोली मिळावी, असे मला फार वाटते. आजोबांचे म्हणणे तेच होते, फक्त त्यांनी ते कमी शब्दांत सांगितले.

शाळा सुटली तशी मुले देवळाकडे आली. ताई शिक्षिका होती, तिला राहवले नाही. "तुकाराम ओंबळे कोण, माहितीये का?" असे तिने विचारताच चौघे एकदम बोलू लागले. त्यातल्या एका चिमुरडीने बोलण्याऐवजी समोरच्या मुलाच्या हातातली काठी दोन्ही हातांनी घट्ट पकडली. त्याने हिसडे दिले, तिने सोडली नाही. तो रडकुंडीला आला तेव्हा आजोबांनी "आगं सोड त्याला, पडंल" असे दटावले. हा त्यांचा रोजचा खेळ असावा, कारण बाकीच्यांना त्यात काहीच नवल वाटले नाही. ताई उठून देवळामागे गेली आणि थोड्या वेळाने तोंड धुऊन आली.

कसाब जिवंत सापडला नसता, तर पुढचे काय झाले असते, याची चर्चा तज्ज्ञांनी पुष्कळ केली आहे. खटला चालला, ६ मे २०१० रोजी फाशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने आणि नंतर २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात ती अमलात आली. कट कुठे शिजला हे त्या जिवंत आरोपीमुळे जगासमोर सिद्ध करता आले. आजोबांना मात्र यातले काही सांगायचे नव्हते. ते म्हणाले, "त्येला मारायचा न्हवता, धरायचा हुता. धरला." मग त्यांनी चहाची कपबशी उचलून आत नेली.

निघताना ताईने देवळाजवळची चिमूटभर माती कागदात बांधून घेतली. वडिलांच्या फोटोपाशी ठेवायची, एवढे बोलली. परतीचे वडाप सकाळच्यापेक्षा जास्त भरलेले होते आणि मी अर्धा बाहेर लोंबकळत होतो. मेढ्याच्या अलीकडे रस्त्यात पोलिसांनी गाडी थांबवली. चालकाने जीभ चावली. काठी काखेत धरलेल्या हवालदाराने आत वाकून माणसे मोजली, आकडा ऐकवून चालकाला दोन शब्द सुनावले आणि मला आत सरकून बसायला सांगितले. मग पेनाचे टोपण दातांत धरून त्यांनी खिशातली वही काढली, आणि पुढच्या बाजूला जाऊन गाडीचा क्रमांक लिहून घेऊ लागले.